उचलण्याआधी एक प्रश्न

मध्यंतरी आमच्या बचत गटाला पुण्यात एका फिटनेस प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. नाचणीचं सत्त्व, जवसाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू घेऊन आम्ही सहाजणी गेलो. माल बऱ्यापैकी खपला. पण आज सांगायचंय ते आमच्या स्टॉलसमोर काय चाललं होतं ते.

समोर लोखंडाचे गोळे मांडून ठेवले होते. गोल पोट आणि वर जाड कडी, म्हणजे थेट भल्यामोठ्या कुलपासारखे. त्याला केटलबेल म्हणतात. आल्यागेल्या कुणीही नाव नोंदवावं, गोळा उचलावा, बक्षीस जिंकावं, अशी स्पर्धा होती. बायकांना ८ किलोचा गोळा, वेळ ५ मिनिटं. गोळा एका हातानं गुडघ्यांमधून झुलवत न्यायचा आणि थेट डोक्यावर उचलायचा. वर कोपर सरळ झालं, क्षणभर थांबलं, तरच पंच एक आकडा मोजणार. हात एकदाच बदलायचा. गोळा खाली टेकला की डाव संपला.

आमच्यातल्या एक वहिनी हसल्या. म्हणाल्या, "आठच किलो? आपला भरलेला हंडा याच्या दुप्पट भरतो!" खरंच आहे ते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, वर भांड्याचं वजन वेगळं. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि दणादण उचलायला लागल्या. पण सगळा जोर दंडाचा. वर कोपर वाकडंच राहायचं, म्हणून पंच अर्धे आकडे धरेनात. दुसऱ्या मिनिटाला तळहात सोलला आणि गोळा खाली आला. त्यांच्यानंतर एक सडपातळ मुलगी आली आणि तिनं सावकाश, एका लयीत पाचही मिनिटं पुरी केली.

वहिनी हिरमुसल्या. तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "मावशी, हात म्हणजे नुसती दोरी. जोर मांड्यांचा आणि कुल्ल्यांचा. आणि कोपर सरळ झालं की वजन हाडं पेलतात, स्नायूंना तेवढीच विश्रांती. तुम्ही मान ताठ ठेवून हंडा नेता, तसंच." हे आमच्या लगेच ध्यानात आलं.

हा खेळ मूळचा रशियाचा. तिथं या गोळ्याला 'गिर्या' म्हणतात. आधी हे गोळे म्हणजे बाजारातली वजनं होती, तराजूत धान्य मोजायची. जोर अजमावायला लोक तीच उचलू लागले. तिकडचं जुनं माप 'पूद'. आपला मण जसा ४० शेरांचा, तसा त्यांचा पूद ४० फुंतांचा, म्हणजे सोळा किलोंहून थोडा जास्त. म्हणून आजही स्पर्धेतले गोळे १६, २४ आणि ३२ किलोंचे असतात, म्हणजे एक, दीड आणि दोन पूद. १९८५ साली तिथं या खेळाचे रीतसर नियम ठरले. मोठ्या स्पर्धेत एकेक डाव १० मिनिटांचा असतो. आपल्याकडेही जेजुरीला मर्दानी दसऱ्याला सुमारे ४२ किलोंचा खंडा उचलून धरण्याची स्पर्धा होतेच की. चार लोकांसमोर वजन उचलून दाखवायची हौस सगळीकडे सारखीच.

पण मैत्रिणींनो, आमच्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. नाव नोंदवताना टेबलावरची मुलगी प्रत्येकीला विचारत होती : गरोदर आहात का? बाळंतपण नुकतंच झालंय का? ऑपरेशन झालंय? हर्निया, बीपी, कंबरदुखी? ओटीपोटात जडपणा वाटतो का, अंग बाहेर येतं का?

आमच्यातली एकजण रांगेतून गुपचूप बाहेर पडली. परतीच्या एसटीत ती बोलली. दुसऱ्या बाळंतपणानंतर पंधराव्या दिवसापासून ती पाणी भरतेय. नऊ वर्षं झाली, तिला अंग बाहेर येण्याचा त्रास आहे. खोकला आला की लुगडं ओलं होतं. सासूला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आम्हालाही नाही. ती म्हणाली, "आठ किलोंच्या खेळाला त्या पोरीनं एवढं विचारलं. घरी पोतं उचलताना मला कधी कुणी विचारलं का?"

गाडीत कुणाला काही बोलवेना. कारण आम्हीही तिला कधी विचारलं नव्हतं. गटाच्या धान्याची पोती तिनंही आमच्या बरोबरीनं उचलली होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा त्रास पुष्कळ बायकांना असतो आणि त्यावर उपाय आहेत. सुरुवातीला असेल तर ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम, नाहीतर आत बसवायची रिंग, आणि गरज पडली तर ऑपरेशन. तिला रिंग बसवली. आता ती बरी आहे, पण जड उचलत नाही आणि आम्ही उचलू देत नाही.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. वजन उचलताना त्याच्या अगदी जवळ उभ्या राहा. पाय फाकवा, गुडघ्यांत वाका, पाठ सरळ ठेवा. श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. वजन अंगालगत धरा आणि कंबरेत पिळा घालू नका, वळायचं तर पावलं टाकून वळा. युरियाची गोणी ४५ किलोंची असते, ती एकटीनं उचलू नका. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जड काम नको. ओटीपोटात ओढ लागत असेल, काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल, खोकताना लघवी होत असेल, तर अंगावर काढू नका. आशाताईंशी बोला, दवाखाना गाठा.

आमच्या गटानं आता एक पद्धत पाडलीय. पोती उतरवायची असली की आधी विचारायचं, "आज कुणाला जड उचलायचं नाही?" कारण सांगायची सक्ती नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तीन हात वर आले. बारा जणींत तीन.

वहिनी मात्र जिद्दीला पेटल्यात. त्यांनी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये वाळू भरलीय आणि रोज अंगणात झुलवतात, कोपर सरळ करून. मोजायला नात असते.

तुमच्या गटातही हा एक प्रश्न विचारून बघा. किती हात वर आले, ते आम्हाला नक्की कळवा. येतो आम्ही, रामराम.