चालतं, म्हणजे बरोबर चालतं का?

(संपादित नभोवाणी भाषण)



जुलै संपत आला की मिरकरवाडा बंदरात लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बंदी उठायच्या आधी बोटींना रंग लागतो, जाळी विणून होतात आणि आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांकडे वायरलेस सेट, चार्जर, खोली दाखवणारी यंत्रं येऊ लागतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एका तांडेलांनी खोलीचं यंत्र आणून ठेवलं. म्हणाले, "मास्तर, उद्या बोट काढायची आहे." उघडून पाहिलं तर आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे ७८०५, गेलेला. माझ्या डबीतले ७८०५ संपलेले, दुकानं बंद झालेली. हाताशी होता ७८०६, म्हणजे ६ व्होल्टचा. मी आयसीची माहितीपत्रिका काढली. तीत कमाल मर्यादा होती ७ व्होल्ट. सहा हे साताच्या आतच, असं म्हणून बसवून टाकला. यंत्र सुरू झालं, आकडे दिसू लागले. तांडेल खूश, मीही खूश.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. यंत्र बंद पडलं नव्हतं. ते खोटं सांगत होतं. पडद्यावर बारा वाव पाणी, आणि वजन बांधून दोरी सोडली तर आठ वाव! जुन्या सवयीनं त्यांनी दोरी सोडून पाहिली म्हणून कळलं. "रात्री खडकाजवळ असतो तर, मास्तर?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

माझी चूक अशी, की मी पत्रिकेतला एकच तक्ता वाचला. बहुतेक आयसींच्या पत्रिकेत दोन तक्ते असतात. एकात 'कमाल मर्यादा' असते. ती ओलांडली तर भाग कायमचा खराब होऊ शकतो. दुसऱ्यात 'शिफारस केलेली स्थिती' असते. चौऱ्याहत्तर मालिकेतल्या जुन्या आयसींना कमाल मर्यादा ७ व्होल्ट, पण शिफारस फक्त ४.७५ ते ५.२५ व्होल्टची. या पट्ट्यात आयसी ठरल्याप्रमाणे काम करील, एवढीच कंपनीची हमी. सव्वापाच ते सात या मधल्या जागेत आयसी लगेच जळणार नाही, पण तो काय उत्तर देईल याची जबाबदारी कोणी घेत नाही. शिवाय त्या जागेत जास्त काळ राहिला तर त्याचं आयुष्यही घटतं.

आपल्या अंगाचंच पाहा. ताप १०४ वर गेला म्हणून माणूस लगेच दगावत नाही. पण त्या तापात त्याला दुकानाचा हिशेब लिहायला बसवाल का? मी त्या यंत्राला तापात हिशेब करायला बसवलं होतं.

दुसरी गोष्ट, या मर्यादा एकेकट्या असतात. ७८०५ला ३५ व्होल्टपर्यंत चालतात, असं पत्रिका सांगते. पण बोटीची बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते. त्यातून ५ व्होल्ट काढायचे, तर उरलेल्याची उष्णता होते. मागे ॲल्युमिनियमचा पत्रा नसेल तर दर वॅटला हा भाग साधारण ६५ अंशांनी तापतो. मे महिन्यात केबिनमध्ये ४० अंश असताना दोन वॅट झाले, तर आतलं तापमान १७० अंशांवर जायला हवं. तिथवर पोचण्याआधीच तो स्वतःला बंद करून घेतो. "गरम झाला की बंद पडतो, गार झाला की चालतो," ही तक्रार अनेकदा तिथूनच येते. व्होल्ट मर्यादेत असतात, ताप मर्यादेबाहेर गेलेला असतो.

घरातही हेच. आपल्याकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के वरखाली धरलेले आहेत, म्हणजे साधारण २१६ ते २४४. तारेचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या जवळपासही येऊ शकतात. तिथे कुठलाच तक्ता वाचवत नाही. पण रोजचं नुकसान ताप करतो. १०५ अंश आणि २००० तास असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला, तर अंदाजे ३२,००० तास टिकतो. दर दहा अंशांनी आयुष्य दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. आणि आपण सेटटॉप बॉक्सवर विणलेला रुमाल घालतो, वर गणपतीची मूर्ती ठेवतो! त्याच्या जाळीतून वारा खेळू द्या. खारी हवा आणि पावसाळी दमट यांनी बोर्डावर थर बसतो, म्हणून जून-जुलैत बंद ठेवलेली यंत्रं अधूनमधून पुसून, थोडा वेळ चालवून ठेवा.

आणि दुरुस्तीला दिलेली वस्तू घेताना विचारा, "मूळचाच भाग बसवला, की चालणारा?" हा प्रश्न आम्हाला आवडत नाही. तरीही विचारा.

त्या तांडेलांच्या यंत्रात मी दुसऱ्या दिवशी ७८०५ बसवला. आकडे दोरीशी जुळले. पैसे घेतले नाहीत. ते यंत्र अजून वापरतात, पण दोरीही बोटीवर असते. आता माझ्या डबीत ७८०५ कधी संपत नाही.