सुकाणूतील ढिलाई

मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कुर्ल्याला बनलेल्या फियाट मोटारी शर्यतीत धावत. पुढे 1990 साली इरुंगाट्टुकोट्टैला खास मार्ग सुरू झाला. ऐन वळणावर अशा जुन्या मोटारीचे चक्र दोन बोटे फिरूनही चाके हलली नाहीत, तर चालकाच्या जिवाशीच गाठ. उतावळा मिस्त्री लगेच सुकाणूपेटीवरचा स्क्रू आवळतो. जाणता मिस्त्री आधी पुढची चाके जॅकवर उचलून किंगपिन व टाय रॉडचे सांधे हलवून पाहतो. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. पेटीतील दाते झिजतात ते मध्यभागी, कारण मोटार बव्हंशी सरळच चालते. म्हणून चाके सरळ ठेवून, लॉक नट सैल करून, स्क्रू थोडाथोडाच फिरवावा. अधिक आवळल्यास न झिजलेल्या कडांशी चक्र जड होते, आणि वळणानंतर मोटार आपणहून सरळ होत नाही. पेटीतील तेलही त्याच वेळी पाहून घ्यावे.