औषधदानाची दुसरी बाजू
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



दापोलीतील एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले की पावले परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे वळतात. अशा वेळी रुग्णाच्या खर्चास हातभार लावणे आपणांस सहज उमगते, कारण तो रुग्ण आपल्यासमोर असतो. संशोधनास दिलेल्या दानाचा लाभार्थी मात्र दिसत नाही. त्याला कदाचित अजून आजारही झालेला नसतो. म्हणूनच हे दान मागे पडते.

आपल्या रक्तातील टी-पेशी शरीराच्या रक्षक असतात. परंतु कर्करोगाच्या पेशी त्यांना अनेकदा चकवतात. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत नवे जनुक घालून, त्यांना शत्रूची ओळख पटवून पुन्हा शरीरात सोडावयाचे, असा हा ‘कार-टी’ उपचार आहे. पवईच्या आय.आय.टी.तील प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने तो येथे विकसित केला. पण प्रयोगशाळेत रुग्ण नसतात! टाटा स्मारकचे डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांची साथ लाभली, तेव्हाच 2021 मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शासकीय मान्यता मिळाली.

चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या, रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांच्या रुग्णांपैकी सुमारे 73 टक्क्यांनी प्रतिसाद दिला. सर्वांनाच गुण येतो असे नाही, गंभीर दुष्परिणामही संभवतात. हे लपविणे योग्य होणार नाही. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा हा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. तथापि चाळीस लाख तरी आपल्याकडील कोणत्या बागायतदाराच्या गाठीशी असतात? किंमत आणखी उतरावयाची, तर संशोधन पुढे चालले पाहिजे.

टाटा स्मारक रुग्णालयच मुळी 1941 मध्ये एका धर्मादाय न्यासाच्या द्रव्यातून उभे राहिले. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. माझ्या मते औषधदान व शास्त्रदान येथे एकत्र येतात.

हे औषध आता कंपनी तयार करते. तिला दान देण्याचे आपणांस कारण नाही. आपली फूल ना फुलाची पाकळी सार्वजनिक रुग्णालयातील संशोधनासाठी असावी. वैद्यकीय निधीचा दहावा हिस्सा पुढील पाच वर्षे त्याकरिता राखावा, रुग्णमदतीस कात्री न लावता वाढीव वर्गणीतून तो उभारावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी वार्षिक सभेत मांडावा, अशी माझी विश्वस्तांस नम्र सूचना आहे.