शिवणयंत्रावरील सोनेरी वेल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रदर्शनांत आपण घरोघरच्या जुन्या वस्तु मांडिल्या आहेत. त्यांत सिंगरचें एक शिवणयंत्र आहे. तें आमच्या मातोश्रींचें. परवां एका तरुणानें तें पाहून विचारिलें, "फादर, कपडे शिवायच्या यंत्राला एवढी नक्षी कशाला?" प्रश्न रास्त आहे.

यंत्राचें अंग काळ्या रोगणाचें. त्यावर सोनेरी वेल आणि मध्यें मानवमुखी, सिंहदेही स्फिंक्स. पायांखालची ओतीव लोखंडाची जाळीसुद्धां वेलबुट्टीची. आयझॅक सिंगर यांस अमेरिकेंत १८५१ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट मिळालें. पुढें हें कारखान्यांतलें लोखंड घराच्या बैठकींत शोभावें म्हणून त्यास असा साज चढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो हळूहळू उतरला. आजचीं यंत्रें बहुधा साधीं, पांढरीं असतात.

हा साज उतरविण्याची बाजू ज्यांनीं हिरीरीनें मांडिली, त्यांत व्हिएन्नाचे वास्तुकार आडोल्फ लोस (१८७०–१९३३) प्रमुख होते. 'अलंकार आणि अपराध' या त्यांच्या निबंधाचा आशय असा कीं, नक्षी म्हणजे श्रमाचा व द्रव्याचा अपव्यय. कारागिराचे तास वाढतात, मोबदला वाढत नाहीं, आणि नक्षीची रीत पालटली कीं धडधाकट वस्तु अडगळींत पडते. परक्या जातिजमातींविषयीं त्यांत जें तुच्छतेनें लिहिलें आहे तें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मजुराची ही कणव मात्र मनास भिडते.

परंतु त्याच निबंधांत एक मोची येतो. जोड्याची किंमत तीस क्राउन. लोस त्यास चाळीस देऊं करितात. मोची हर्षानें फुलतो. चामडें कोणतें घ्यावें, काम कोणाच्या हातीं द्यावें, छिद्रांची नक्षी कशी काढावी, हें सारें तो मनांत मांडूं लागतो. आतां त्यास जोडा अगदीं साधा कर म्हणावें, तर काम कमी होईल खरें, पण त्याचा सारा आनंद हिरावला जाईल. म्हणून लोस, स्वतः अलंकाराचे वैरी असूनही, नक्षीचेच जोडे घालतात!

मग आमच्या यंत्रावरील स्फिंक्स कोणाचा आनंद? तें तर ओल्या कागदावरून उतरविलेलें छापील चित्र. कारखान्यांतला कामगार तेंच चित्र दिवसभर चिकटवी; मोच्याचा आनंद त्याच्या वांट्यास आला असेल, असें वाटत नाहीं. त्या कसोटीस आमचें यंत्र उतरत नाहीं, हें कबूल करावें लागतें.

पण मातोश्रींचें काय? रात्रीं कंदिलाशीं बसून त्या शेजारपाजाऱ्यांचे कपडे शिवीत. आमचा सेमिनरीचा पहिला पांढरा झगा त्यांनीं ह्याच यंत्रावर शिवला. काम संपलें कीं तेलाच्या चिंधीनें यंत्र पुशीत, परंतु स्फिंक्सला वळसा घालून. अंगावरचें सोनें वडिलांच्या आजारपणांत मोडलें होतें. घरांत सोनेरी म्हणावें असें तेवढेंच उरलें होतें.

सुईजवळ, जेथें त्यांचा डावा हात कापड सरकवीत असे, तेथली वेल पार झिजून गेली आहे. मांडणी करितांना मुलांनीं ती बाजू भिंतीकडे केली होती. आम्हीं यंत्र फिरवून ती आपल्याकडे केली आहे.