लाल जन्मखुणेवरचं लेझर: पिवळा प्रकाश नेमकं काय करतो?

(भवानी पेठ, सोलापूर इथं रेकॉर्ड केलेल्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? मागून खटक-खटक आवाज येतोय तो तुमच्या फोनचा दोष नाही. आपण भवानी पेठेत बसलोय आणि शेजारी यंत्रमाग चालू आहे. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. चेहऱ्यावर जन्मापासून असलेला लाल डाग लेझरनं जातो का, असं विचारणाऱ्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या. त्यातल्या एका ताईंचं बाळ चार महिन्यांचं आहे. कपाळापासून पापणीपर्यंत लालसर चट्टा आहे. घरात म्हणतात, ग्रहणात बाहेर गेलीस म्हणून झालं. आणि एका ब्युटी पार्लरनं सांगितलं, आमच्याकडे लेझर आहे, पॅकेज घ्या.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. उपचार डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे आपल्याला कळायला हवं. त्यासाठी हा भाग.

आधी ग्रहणाचं मिटवू

कातडीत रक्ताच्या अगदी बारीक नळ्या असतात, केसापेक्षाही बारीक. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. काही बाळांमध्ये एखाद्या भागातल्या या नळ्या जन्मतःच रुंद असतात. तिथं रक्त जास्त साठतं आणि कातडी लाल दिसते. याला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात. हजार बाळांमागे साधारण तिघांना असतो.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना याचं कारण सापडलं. जीएनएक्यू नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो. तो गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत होतो, आणि त्या पेशीपासून जो भाग बनतो तेवढ्यातच राहतो. आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही. आईनं काय खाल्लं, कधी भाजी चिरली, ग्रहणात कुठं गेली, याचा काही संबंध नाही. ताई, घरच्यांना हा भाग स्पीकरवर लावून ऐकवा.

प्रत्येक लाल डाग सारखा नसतो

हे महत्त्वाचं आहे, कारण उपचार डागावर ठरतो.

मानेच्या मागे, पापणीवर किंवा कपाळाच्या मध्ये फिकट गुलाबी चट्टा अनेक बाळांना असतो. चेहऱ्यावरचा वर्ष-दोन वर्षांत बहुधा आपोआप जातो, मानेवरचा राहू शकतो. काही करावं लागत नाही.

दुसरा प्रकार हिमॅन्जिओमा. जन्मावेळी जवळजवळ नसतो, काही आठवड्यांनी दिसतो आणि झपाट्यानं वाढतो. फुगीर, लालभडक, स्ट्रॉबेरीसारखा. याच्यावर आज पहिला उपचार लेझर नाही, तर प्रोप्रानोलॉल नावाचं औषध आहे. मुळात रक्तदाबाची, हृदयाची ही गोळी. तिचा हा उपयोग फ्रान्समधल्या डॉक्टरांना योगायोगानं कळला आणि २००८ मध्ये त्यांनी तो जाहीर केला.

तिसरा पोर्ट वाइन स्टेन. जन्मापासून असतो, सपाट असतो, बाळ वाढेल तसा वाढतो आणि आपोआप जात नाही. वय वाढलं की गडद होतो, काहींमध्ये जाड होतो, त्यावर गाठी येतात.

आणि आता जे सांगतोय ते नीट ऐका. हा डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर स्टर्ज-वेबर सिंड्रोमची शक्यता असते. म्हणजे कातडीसारखाच बदल डोळ्यात आणि मेंदूच्या आवरणात असू शकतो. काचबिंदू होऊ शकतो, झटके येऊ शकतात. सगळ्यांना होतं असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून ताई, लेझरची तारीख महिनाभर पुढे गेली तरी चालेल, बाळाच्या डोळ्यांचा दाब मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, डोळ्यांचा आणि त्वचेचा विभाग आहे. सुरुवात तिथून करा. आणि झटका आल्यासारखं वाटलं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

"आमच्याकडे लेझर आहे" म्हणजे कुठलं?

लेझर हे एका यंत्राचं नाव नाही. "आमच्याकडे गाडी आहे" म्हटलं तर सायकलपण असू शकते आणि ट्रकपण. तसंच हे.

पहिलं लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी चालवलं. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर बनलं. ते बनवणारे सी. कुमार एन. पटेल जन्मले १९३८ मध्ये, आपल्या बारामतीत! पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून ते अमेरिकेला गेले. आज कारखान्यात कापड, लाकूड, अ‍ॅक्रिलिक कापणारी कितीतरी यंत्रं याच लेझरवर चालतात. स्किन क्लिनिकमध्येही ते असतं, चामखीळ काढायला, मुरमांच्या खड्ड्यांवर.

पण लाल डागावर ते पहिल्या पसंतीचं नाही. त्याचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. तो पाण्यात शोषला जातो, आणि कातडीत सगळीकडे पाणीच आहे. म्हणजे तो वरून थर उडवत जाणार. रक्तवाहिनी कुठली आणि शेजारची चांगली कातडी कुठली, हा फरक त्याला कळत नाही.

केस काढायची लेझर ७५५, ८१० किंवा १०६४ नॅनोमीटरची असतात. टॅटू काढायची आणखी वेगळी. रक्ताच्या बारीक नळ्यांसाठी खास जे बनलं, ते पल्स्ड डाय लेझर.

डाय म्हणजे आपला रंगच

सोलापूरकरांना डाय काय असतो हे सांगायची गरज नाही. चादरीच्या, टॉवेलच्या सुताला बसतो तो रंग. या यंत्राच्या पोटातही असाच रंग द्रावणात विरघळवलेला असतो, रोडामाइन कुळातला. हे नाव ऐकलंय ना? शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली, ती ज्या रोडामाइन-बी मुळे, त्याच्याच चुलत घराण्यातला हा रंग. पोटात जायला वाईट, पण लेझरला उपयोगी.

फ्लॅशलॅम्पचा झगझगीत प्रकाश या द्रावणावर पाडतात. रंगाचे रेणू तो गिळतात आणि आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. डाय लेझरचा शोध १९६६ चा. आजच्या वैद्यकीय यंत्रातून बाहेर येतो तो ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश.

पिवळाच का? भर मे महिन्यात पार्क चौकात गाडी लावा आणि तासाभरानं सीटवर बसा. काळं सीट चटका देतं, पांढरी टाकी त्यामानानं कमी. ऊन दोघांवर सारखंच पडलं, पण कुणी किती गिळलं ते रंगावर ठरलं. रक्त लाल दिसतं कारण लाल प्रकाश ते परत पाठवतं. हिरवा, पिवळा गिळतं. हिरवा प्रकाश कातडीत फार आत पोचत नाही. पिवळा मिलिमीटरभर तरी आत जातो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला पकडतं. नळी आतून तापते, तिची भिंत बिघडते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तो कचरा साफ करतं.

मग "पल्स्ड" कशाला?

१९७० च्या दशकात लाल डागांवर आर्गॉन लेझर वापरायचे. त्याचा प्रकाशही रक्त गिळतं. पण मारा सलग. नळी तापली, तिची उष्णता शेजारच्या कातडीत पसरली, आणि डागाच्या जागी व्रण राहिले. लहान मुलांमध्ये जास्तच.

टपरीवर जाड काचेच्या ग्लासात चहा घेता ना? ओतल्या ओतल्या ग्लास उचलून लगेच खाली ठेवला तर बोटांना काही होत नाही. धरून बसलात की चटका. उष्णतेला काच ओलांडायला वेळ लागतो. रक्तवाहिनीचंही तसंच आहे. केसाएवढ्या जाडीच्या नळीतून उष्णता बाहेर पसरायला काही मिलिसेकंद लागतात. त्याआधीच प्रकाश बंद केला तर नळी भाजते आणि शेजारी वाचतो.

हे सूत्र बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' मासिकात मांडलं. त्यावरूनच हे यंत्र घडलं. सुरुवातीचा झोत अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळाचा होता. आता यंत्रात तो ४० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतो, कारण जाड नळीला जास्त वेळ लागतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ जातो बघा.

आपल्या सावळ्या कातडीचं काय?

इंटरनेटवरचे आधी-नंतरचे फोटो बहुतेक गोऱ्या लोकांचे असतात. आपल्याकडे वरच्या थरात मेलॅनिन जास्त. पिवळा प्रकाश रक्तापर्यंत पोचायच्या आधी त्यातला काही हे मेलॅनिनच गिळतं. काळ्या सीटची गोष्ट इथंही लागू. त्यामुळे दोन अडचणी: नळीपर्यंत कमी प्रकाश पोचतो, आणि वरची कातडी भाजून काळे किंवा पांढरे डाग पडायचा धोका वाढतो.

म्हणून लेझर घ्यायचंच नाही का? तसं नाही. सावळ्या कातडीवर हे उपचार होतात, पण सेटिंग बदलून. ऊर्जा बेतानं ठेवतात. झोताच्या आधी काही मिलिसेकंद थंड फवारा मारून वरचा थर गार करतात. आधी एका छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे थांबून बघतात. ऊन खाऊन काळवंडलेल्या कातडीवर करत नाहीत. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तारीख ठरवताना हे डॉक्टरांशी बोला. नंतरही ऊन टाळावं लागतं, सनस्क्रीन लावावं लागतं.

खोलीत काय होतं?

सगळ्यांच्या डोळ्यांवर त्या लेझरचा चष्मा हवा. पापणीजवळ काम असेल तर पापणीच्या आत धातूची ढाल बसवतात. प्रत्येक झोत रबरबँड फटकन बसल्यासारखा लागतो. नंतर कातडी काळी-निळी होते आणि ती नीळ साधारण एक ते दोन आठवडे राहते. हे बिघडल्याचं लक्षण नाही. पण फोड आले, पू झाला तर लगेच दाखवायचं.

दोन सिटिंगमध्ये साधारण चार ते आठ आठवडे. सहा-दहा सिटिंग सहज लागतात, कधी जास्तही. आणि खरं सांगायचं तर डाग पूर्ण पुसला जाणारे थोडे. बहुतेकांचा फिकट होतो. कपाळ, मान चांगली साथ देतात. नाकाजवळचा, वरच्या ओठाचा भाग कमी. हात-पाय त्याहून हळू. काही वर्षांनी डाग थोडा परत गडद होऊ शकतो. तान्हेपणी सुरू केलं तर फायदा जास्त, कारण कातडी पातळ असते, नळ्या लहान असतात आणि डागाचं क्षेत्रही कमी. मोठेपणी केलं तर उपयोगच नाही, असं मात्र नाही.

यंत्र महाग आहे, आतला डाय ठरावीक झोतांनंतर बदलावा लागतो. म्हणून ते गल्लोगल्ली नसतं. जवळ नसेल तर पुणे, मुंबई, हैदराबादला कुठं पाठवाल, हे इथल्याच त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. हा डाग नेमका कुठल्या प्रकारचा आहे?
२. डोळ्यांची, मेंदूची तपासणी लागेल का?
३. तुमचं लेझर कुठलं, किती नॅनोमीटरचं? रक्तवाहिन्यांसाठी आहे का?
४. चालवणार कोण? तुम्ही स्वतः, की टेक्निशियन?
५. आमच्यासारख्या रंगाच्या किती रुग्णांवर केलंय? त्यांचे फोटो दाखवाल का?
६. आधी चाचणीचा पॅच घेणार का?
७. बाळाला भूल द्यावी लागेल का? का?
८. एका सिटिंगचा खर्च किती, आणि फरक पडला नाही तर थांबायचं कधी?

तिसऱ्या प्रश्नाला "अहो, लेटेस्ट आहे, काळजी करू नका" असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका. पूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागितले, तरी थांबा.

पांढरे डाग, वांग, काळे तीळ यांच्यासाठी हे लेझर नाही, हेही लक्षात ठेवा. रोझेशियाची लाली, फुटलेल्या बारीक शिरा, काही चामखिळी, ऑपरेशनचे ताजे लाल व्रण यांवर मात्र ते वापरतात.

आणि ज्यांना डाग आहे आणि काहीच करायचं नाही, त्यांनी कुणाला उत्तर द्यायची गरज नाही. डोळे तपासून घ्या, डाग जाड व्हायला लागला किंवा त्यातून रक्त आलं तर दाखवा, बाकी तुमची मर्जी. आपण बाकीच्यांनी "अगं, हे काय झालं तोंडाला?" असं विचारणं बंद केलं तरी पुष्कळ झालं.

एवढंच आज. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण बाळाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, तो डॉक्टरांनाच दाखवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!