आलेख जुळला, पुढे?



साथींच्या गणितावरच्या या परिषदेच्या स्वागत समितीतर्फे मी बोलतो आहे. मी गणिती नाही. पालिकेच्या आरोग्य खात्यात नोंदवह्या तपासता तपासता माझे केस पिकले.

आपल्या शास्त्राचे मुंबईशी जुने नाते आहे. 1927 साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीचे गणित मांडले, तेव्हा पडताळणीसाठी त्यांनी मुंबईतल्या प्लेगचे आठवडावार मृत्यू घेतले, डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातले. आलेख चपखल बसला. गंमत अशी, की समीकरण होते माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचे आणि मुंबईचा प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे! त्या दोघांना हे ठाऊक होते. आलेख जुळला म्हणजे कारणही कळले, असे मानणारे पुढे निघाले.

ते समीकरण खरे शोभते श्वसनमार्गाच्या विषाणूंना, पण तिथेही ते हुलकावणी देते. जून 1918मध्ये मुंबईतले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. इन्फ्लुएन्झाची ती पहिली लाट ओसरली. तेव्हा कुणी अंदाज बांधला असता, तर साथ सरली असेच म्हटले असते. सप्टेंबरात तो आजार परतला तो कितीतरी अधिक प्राणघातक होऊन. ऑक्टोबर 2020मध्ये सरकारी समितीच्या प्रतिमानाने सांगितले, की खबरदारी पाळली तर फेब्रुवारीपर्यंत कोविडची साथ आटोक्यात येईल. वर्तमानपत्रांतून ‘तर’ गळाला, फेब्रुवारी उरला. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण वाढू लागले.

आणखी एक, जे आलेखात दिसत नाही. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवारी रुग्ण घटल्याच्या बातम्या येतात आणि बुधवारी ‘उसळी’! मृत्यूच्या नोंदी तर कित्येक दिवसांनी पोहोचतात. आपण ज्याला ‘डेटा’ म्हणता, तो कुणा आरोग्यसेविकेने दारोदार फिरून लिहिलेला असतो. म्हणून प्रत्येक सत्रात पहिली रांग आम्ही पालिकेच्या नोंदणी कर्मचाऱ्यांसाठी राखली आहे. त्यांना बोलते करा, जमल्यास उलटतपासणीही घ्या.

साथ आली की पालिका आयुक्त तुम्हाला एकच आकडा विचारतील: रुग्णालयात खाटा किती लागतील? तेव्हा कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही सांगा. ते वैतागतील. वैतागू द्या.

जेवण दुपारी एक वाजता तळमजल्यावर आहे. आता अध्यक्षांनी उद्घाटन करावे, ही विनंती.