शेवटच्या रांगेपासून कॅमेऱ्यापर्यंत



कोल्हापूरकरांच्या वतीने स्वागत समिती या संमेलनात आपणा सर्व कलावंतांचे मनःपूर्वक स्वागत करते. सिनेमातल्या अभिनयावर बोलायला याहून हक्काचे गाव कुठले? चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा इथेच घडवला. त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) जमिनीला मुकलेला तरुण शेतकरी व्ही. शांतारामांनी उभा केला. मूकपटच तो, संवादाचा आधार नाही. जे सांगायचे ते चेहऱ्याने आणि अंगाने.

१९२९ मध्ये याच शहरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या ‘संत तुकाराम’चे (१९३६) नायक विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट. त्यांचा तुकाराम शांत, स्वतःत रमलेला. समोर गौरी यांनी केलेली त्याची बायको आवली रोखठोक, संसाराच्या काळजीने करवादलेली. दोघांची तऱ्हा वेगळी, तरी संसार एकाच घरातला वाटतो. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवानेही या चित्रपटाची दखल घेतली.

पागनीसांसारख्या रंगभूमीवरून आलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर मात्र सवय बदलावी लागते. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. क्लोजअपमध्ये भुवई जरा जास्त उचलली तरी खोटी दिसते. मग करायचे काय?

‘सिंहासन’मधले (१९७९) निळू फुले पुन्हा पाहावेत. लोकनाट्यातून आलेला, खलनायक म्हणून गाजलेला हा नट इथे पत्रकार दिगू टिपणीस होतो आणि बराच वेळ नुसता ऐकतो. पुढाऱ्यांचे डावपेच त्याच्या नजरेतून प्रेक्षकांना कळत जातात. समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकणे, आपली पाळी कधी येते याची वाट पाहत न बसणे, ही सवय सरावानेच लागते.

दुसरा सराव कंटिन्युइटीचा, म्हणजे शॉटमधल्या सातत्याचा. चहाचा कप कुठल्या हातात होता, कुठल्या शब्दावर उचलला, घोट आधी घेतला की नंतर, हे पुढच्या टेकला तसेच जमले पाहिजे. नाहीतर संकलकाच्या टेबलावर दोन शॉट जुळत नाहीत. त्यातच नटाने थांबण्यासाठी जमिनीवर केलेल्या खुणेवर (मार्कवर) खाली न बघता थांबायचे आणि भावही ताजा ठेवायचा.

म्हणून या संमेलनात भाषणे कमी आणि टेक जास्त ठेवले आहेत. दुपारच्या सत्रात प्रत्येकाने एकच प्रसंग आधी रंगमंचासाठी, मग कॅमेऱ्यासाठी करायचा आहे आणि लगेच पडद्यावर पाहायचा आहे. जेवण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे आहे. शाकाहारी मंडळींची सोय वेगळी. दुपारी डोळे मिटणार नाहीत इतपतच जेवावे, एवढी समितीची विनंती.